नानांसाठी लिफ्ट : मखमलाबाद रोडच्या घरातल्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

दादा पुण्यात, मी इथे नाशिकला. फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं, शिवाय पुढे बिलांची भांडणं झाली तर तारखा हाताशी असतील.

घर तळमजला अधिक एक. खाली हॉल, स्वयंपाकघर, कोठीची खोली, जिन्याखाली छोटं टॉयलेट. वर दोन बेडरूम, मोठी बाथरूम, गॅलरी. नानांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, पसारा सगळा वर: कामाचं टेबल, त्याला बसवलेला व्हाइस, पोट उघडून ठेवलेले रेडिओ. पार्किन्सन्सचं निदान होऊन काही वर्षं झाली. घरात चालतात, पण जिना आता बंद करा असं न्यूरोलॉजिस्टनी या खेपेला स्पष्टच सांगितलं.

‘खाली हॉलमध्ये पलंग टाका की’ हा सल्ला येणारा प्रत्येक पाहुणा चहाच्या पहिल्या घोटाबरोबर देतो. खालच्या टॉयलेटमध्ये माणूस आणि त्याला धरणारा असे दोघं मावत नाहीत. आणि हॉलमध्ये झोपलेल्या माणसाकडे दिवसभर कोणी ना कोणी ‘काय म्हणताय’ करत येतं. नानांना ते नको आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की वर जाताना आणि खाली येताना कोणाला हाक मारावी लागू नये. लिफ्ट निवडताना कसोटी हीच धरायची असं माझं मत. काच, लाइट, लाकडी पॅनेल हे सगळं त्यानंतर.

१९ जानेवारी

मापं घेतली. टेप एका टोकाला नानांनी धरली, हात थरथरत होता, पण आकडा त्यांनीच वाचला.

जिन्याची रुंदी दोन फूट नऊ इंच, मध्ये वळण. कोठीची खोली आतून पाच फूट नऊ इंच बाय सहा फूट पाच इंच. म्हणजे साधारण १७५० बाय १९५० मिलिमीटर. तिच्या बरोब्बर वर पहिल्या मजल्यावर पॅसेजचा रुंद कोपरा, तिथे सध्या गाद्यांचं कपाट. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत ३.२ मीटर. वरच्या फरशीपासून गच्चीच्या स्लॅबच्या तळापर्यंत २.८५ मीटर. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा ठरणार आहे, हे आर्किटेक्टने फोनवरच सांगितलं.

आईचा प्रश्न वेगळा. ‘कोठीत लिफ्ट, मग गव्हाची टाकी कुठे? कुरडयांचे डबे कुठे?’ उत्तर दिलेलं नाही.

बाहेरून, बाजूच्या मोकळ्या जागेत शाफ्ट, म्हणजे लिफ्ट ज्यातून वरखाली जाते ती उभी पोकळी, उभारायचा पर्यायही होता. पण ती जागा मंजूर नकाशातली सामासिक अंतराची, म्हणजे नियमाने मोकळी सोडायची. तिथे काही उभं करायचं तर महापालिकेच्या नगररचना विभागाकडे जाणं आलं, वर पावसाचं पाणी दारापाशी. तो विषय तिथेच सोडला.

२ फेब्रुवारी

काय काय मिळतं ते थोडक्यात, दादासाठी.

जिन्यावरची खुर्ची, म्हणजे रुळावरून सरकणारी. दादाचा पहिला आग्रह हाच, कारण सगळ्यात स्वस्त. आमच्या जिन्याला वळण असल्यामुळे रूळ मापाने वाकवून घ्यावा लागेल. उरलेल्या जिन्यातून आईला भरलेली बादली घेऊन जाता येणार नाही. खरी अडचण पुढची आहे. उद्या व्हीलचेअर आली तर एक खाली, एक वर अशा दोन लागतील आणि मध्ये दोनदा उठून बसायचं. नानांना उठून बसणं हेच अवघड जातं. बाद.

हवेच्या दाबावर चालणारी गोल नळकांड्याची लिफ्ट. दिसते झकास, पिट, म्हणजे लिफ्टखालचा खड्डा, लागत नाही. व्हीलचेअर मावायची तर सगळ्यात मोठा, सव्वातेराशे मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा प्रकार घ्यावा लागतो आणि किंमत ऐकून आई उठून आत गेली. बाद.

स्क्रूवर चढणारा प्लॅटफॉर्म. पिट जेमतेम दोन इंच, स्वतःच्या लोखंडी शाफ्टसकट येतो, तोडफोड कमी. हा नीट बघायचाय.

दोरावर आणि काउंटरवेटवर (केबिनला तोलणाऱ्या वजनावर) चालणारी, अपार्टमेंटला असते तशी, मशीनरूम नसलेली. ही सगळीकडे मिळते आणि दुरुस्तीवालेही गल्लोगल्ली.

हायड्रॉलिक. तेलाच्या दाबाने वर, स्वतःच्या वजनाने खाली.

९ फेब्रुवारी

गंगापूर रोडला एका बंगल्यात स्क्रूचा प्लॅटफॉर्म बघितला. मालकीणबाई फार चांगल्या, स्वतः चालवून दाखवला. तीन बाजूंनी भिंत, पुढून उघडा, एका कडेला बटणांचा पट्टा. वेग सेकंदाला ०.१५ मीटर. युरोपातल्या नियमांनुसार अशा यंत्रांना याहून जास्त वेग देत नाहीत. उघडा प्लॅटफॉर्म असल्यामुळे बटण दाबून धरावं लागतं. बोट उचललं की जागच्या जागी थांबतो. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे.

हिशेब केला. आमची उंची ३.२ मीटर, म्हणजे एकवीस-बावीस सेकंद बोट दाबून धरायचं. नानांनी धरून बघितलं. पहिले काही सेकंद हात स्थिर. पार्किन्सन्समध्ये हात हलता असताना थरथर कमी असते, एका जागी टेकला की परत सुरू होते. तसंच झालं. बटण सुटलं, प्लॅटफॉर्म मध्येच थांबला. परत दाबलं, निघाला, परत थांबला. मालकीणबाई म्हणाल्या, ‘आमच्या सासूबाईंना जमतं हो.’ त्यांच्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, हात चांगले आहेत.

गाडीत बसल्यावर नाना म्हणाले, ‘यंत्र उत्तम आहे. माझ्यासाठी नाही.’

१५ फेब्रुवारी

आजपासून एक नियम केला. कुठलीही लिफ्ट नानांना दोनदा दाखवायची, एकदा गोळी लागू असताना आणि एकदा गोळी उतरल्यावर. गोळी घेतल्यावर तासाभराने ते गच्चीवर फेऱ्या मारतात. पुढची गोळी जवळ आली की पाय जमिनीला चिकटतात, विशेषतः दाराच्या चौकटीत. सेल्समन सकाळी अकराची वेळ देतो, तेव्हा नाना एकदम फिट. ती पाहणी अर्धवटच.

आज दुपारी, गोळी उतरलेली असताना, देवळाली कॅम्पला एकांच्या घरी दोराची लिफ्ट बघितली. दार हाताने ओढून उघडायचं, कपाटासारखं. दार ओढताना माणसाला एक पाऊल मागे घ्यावं लागतं. नानांनी हँडल ओढलं आणि मागे जाताना तोल गेला. मी पाठीशी होते. पार्किन्सन्सच्या माणसाला मागे पाऊल टाकणं हीच सगळ्यात धोक्याची हालचाल असते, फिजिओथेरपिस्ट हे कायम सांगतात. ओढायचं दार, जाळीचं चॅनेल गेट, दोन्हींवर काट मारली. आपोआप सरकणारंच दार हवं, आणि ते अंगावर येणार नाही याची खात्री हवी.

तिथली केबिन ९०० बाय १००० मिलिमीटर. ‘तीन माणसं आरामात’ असं पत्रकात छापलंय. तीन माणसं मावतील, पण व्हीलचेअर आणि मागे एक माणूस मावत नाही. माझं म्हणणं, विक्रेत्याला माणसांची संख्या विचारूच नये, केबिनचं आतलं माप आणि दाराची मोकळी रुंदी विचारावी. एका व्हीलचेअरला सोबतच्या माणसासकट ११०० बाय १४०० आणि दार ८०० तरी हवं. ९०० मिळालं तर सोनं.

२३ फेब्रुवारी

स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन गेले. सोबत सळई शोधायचं यंत्र, त्याने स्लॅबखाली फिरून खडूच्या रेघा मारल्या.

दोराच्या लिफ्टला वरच्या थांब्यावर डोक्यावर मोकळी जागा भरपूर लागते. मोटर तिथेच बसते आणि केबिनच्या टपावर दुरुस्तीवाला उभा राहिला तर त्यालाही जागा हवी. आम्हाला आलेल्या ड्रॉइंगमध्ये ती चार मीटरच्या आसपास. आमच्याकडे २.८५. म्हणजे गच्चीचा स्लॅब फोडून वर खोपटं काढायचं, त्याचं वॉटरप्रूफिंग, त्याची परवानगी. कमी उंचीतल्याही मिळतात, पण त्यांची केबिन आमच्या मापात लहान होत होती. हायड्रॉलिकचं मशीन खाली कपाटात बसतं, त्यामुळे २.८ मीटरमध्ये भागतं. पिट एक फूट. गच्चीला हात लागत नाही.

कोठीच्या तीन बाजूंना बीम आहे, चौथ्या बाजूला नुसती विटांची भिंत. तिथे लोखंडी गर्डर टाकावा लागेल. इंजिनिअरनी आणखी एक सांगितलं: हॉलच्या स्लॅबची वरची सळई कोठीच्या स्लॅबमध्ये येऊन अडकलेली आहे, ती कापली की हॉलचा स्लॅब खाली वाकायला मोकळा. म्हणून कापण्याआधी हॉलमध्ये टेकू द्यायचे आणि गर्डर पूर्ण बसेपर्यंत काढायचे नाहीत.

५ मार्च

कोटेशनं आली. दोर, हायड्रॉलिक, स्क्रू, तिन्हींची. सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी वेगळा, आणि तो आकडा पहिल्या पानावर कोणीच लिहीत नाही. सिव्हिल काम, वीजजोडणी, शाफ्टमधल्या भिंती हेही ‘ग्राहकाच्या बाजूने’. दादाने स्वस्त कोटेशनवर बोट ठेवलं होतं. त्यात दाराची किंमत हाताने ओढायच्या दाराची होती, आपोआप दार घेतलं की फरक जवळपास संपला.

एका विक्रेत्याने सांगितलं, ‘मॅडम, घरच्या लिफ्टला लायसन्स वगैरे काही लागत नाही, सगळे असंच बसवतात.’ त्याला चहा पाजून निरोप दिला. महाराष्ट्रात १९३९ चा जुना मुंबई लिफ्ट कायदा जाऊन त्या जागी २०१७ चा नवीन आला, तरी मूळ गोष्ट तीच: उभारण्याआधी लिफ्ट निरीक्षकांची परवानगी, चालवण्याआधी तपासणी आणि परवाना. घरगुती लिफ्टसाठी भारतीय मानक ब्युरोची स्वतंत्र संहिताही आहे, आयएस १५२५९, २००२ सालची. नानांनी पुढच्या विक्रेत्याला तिचा नंबर विचारला. त्याला माहीत होता. तिथेच त्याचं निम्मं काम झालं.

१२ मार्च

तोच विक्रेता त्याच्या हायड्रॉलिक लिफ्टच्या इंजिनिअरला घेऊन आला. नाना ओझरला एचएएलमध्ये मशीनशॉपला होते. उभी हयात विमानाच्या सुट्या भागांचे मायक्रॉन मोजण्यात गेली. आज दोन तास ते त्या इंजिनिअरची परीक्षा घेत होते, आणि आई आतून पोहे, मग चहा, मग सरबत पाठवत होती.

‘पाइप फुटला तर?’ सिलिंडरच्या तोंडाशीच रप्चर व्हॉल्व्ह असतो, तेल ठरावीक वेगापेक्षा जोरात सुटलं की तो स्वतः बंद होतो आणि केबिन जागेवर थांबते.

‘जॅक थेट उचलतो की दोरावरून?’ जॅक म्हणजे तेलाच्या दाबाने सिलिंडरमधून वर सरकणारा दांडा. उत्तर: दोरावरून, दोनास एक. जॅक जेवढा वर जातो त्याच्या दुप्पट केबिन जाते, म्हणून एवढ्या उंचीला जॅक लहान पुरतो. ‘मग दोर तुटला तर व्हॉल्व्हचा काय उपयोग?’ इंजिनिअर हसला. दोर सैल पडला की केबिनखालचे सेफ्टी गिअर गाईड रेलला, म्हणजे केबिन ज्यांवरून सरकते त्या उभ्या रुळांना, चावतात. नानांनी ड्रॉइंगमध्ये ते कुठे आहेत ते दाखवायला लावलं.

‘वीज गेली तर?’ हायड्रॉलिकची खरी मजा इथे आहे. वर चढायला मोटर लागते, खाली यायला लागत नाही. छोट्या बॅटरीने व्हॉल्व्ह उघडला की केबिन आपल्या वजनाने सावकाश खालच्या मजल्यावर येते आणि दार उघडतं. बॅटरीही मेली तर मशीनच्या कपाटात हाताने उघडायचा व्हॉल्व्ह आहे. तो कसा उघडायचा हे आईला आणि मला शिकवायचं, असं करारात लिहून घेतलं.

‘पिट फक्त एक फूट. दुरुस्तीवाला केबिनखाली शिरला आणि केबिन खाली आली, तर तो कुठे जाईल?’

याचं उत्तर लगेच आलं नाही. मग इंजिनिअरने सांगितलं, की आत शिरण्याआधी उभा करायचा घडीचा लोखंडी टेकू असतो, तो उभा असेपर्यंत केबिन त्याच्या खाली येऊ शकत नाही, आणि त्याला जोडलेला स्विच लिफ्ट बंद ठेवतो. वर टपावरही तशीच सोय. ‘ते कोटेशनमध्ये लिहा,’ नाना म्हणाले. इतक्या लोकांशी बोलले मी, पण दुरुस्तीवाल्याचा जीव कोणाच्या डोक्यात आला नव्हता. माझ्याही नाही.

१९ मार्च

रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडल्या, गवंड्यापासून इलेक्ट्रिशियनपर्यंत कोणीही फोन उचलला नाही. काम शून्य.

३० मार्च

पाडवा. हायड्रॉलिकची ऑर्डर दिली. केबिन ११०० बाय १४००, दार ८०० मोकळं, एका बाजूला सरकणारं दोन पानांचं. लिफ्ट ११ लाख ८० हजार, जीएसटी धरून १३ लाख ९२ हजार ४००. सिव्हिल आणि वीज वेगळी. दादाने निम्मे लगेच पाठवले आणि वर ‘काचेची केबिन का नाही’ असा मेसेज. काच नाही कारण नानांना आधारासाठी तीन बाजूंनी दांडा हवाय, शिवाय चकचकीत, आरपार दिसणाऱ्या जागेत त्यांचे पाय अडतात.

आईने पेढे ठेवले. ‘सप्तशृंगीला गडावर ट्रॉली झाली तेव्हा म्हटलं होतं, आता देवीपाशी बसून जाता येतं, घरात काय ते राहिलं.’ गव्हाच्या टाकीचा निकाल लागला: हॉलमधल्या शोकेसची जागा तिला मिळाली. शोकेस कोणालाच नको होतं असं आता कळतंय.

१७ एप्रिल

स्लॅब कापला. ब्रेकरने फोडायचा नाही, हादऱ्याने बाकीच्या स्लॅबला भेगा जातात, म्हणून डायमंड कटर. साडेचार इंच जाडीचा तेवढा तुकडा म्हणजे जवळजवळ एक टन. दीड-दीड फुटाचे चौकोन आखून, प्रत्येकाखाली आधार देऊन, एकेक कापून उतरवला. एक चौकोन साठेक किलो, दोघांनी उचलायचा. कटरवर पाणी सोडत असल्यामुळे धूळ नाही, पण राखाडी गाळ हॉलभर. हॉलमधले टेकू अजून तसेच, त्यांच्यामधून वाट काढत जेवायला बसतो.

शाफ्टच्या वरच्या भिंतीसाठी ठेकेदाराला हलके ब्लॉक वापरायचे होते. ज्या भिंतीवर गाईड रेल बसणार, ती ब्लॉकची चालत नाही, अँकर बोल्ट त्यात धरत नाहीत. आमची केबिन एकाच बाजूच्या रेलवर तोललेली, सगळा ओढा त्याच भिंतीला. तिथे ब्रॅकेटच्या उंचीवर आरसीसीचे पट्टे टाकायला लावले. ठेकेदार कुरकुरला, पण ड्रॉइंग समोर धरल्यावर टाकले.

परवानगीचे कागद लिफ्टवाल्याने दाखल केले: शाफ्टचं ड्रॉइंग, इंजिनिअरचा दाखला, वीजभाराचा तपशील.

८ मे

अवेळी पाऊस सुरू झालाय, रोज संध्याकाळी. पिट खणून तयार होता, काल सकाळी त्यात घोटाभर पाणी. वरून आलेलं नाही, छत आहे. काळ्या मातीतून झिरपून तळातून आलं. आधी सगळं पाणी काढून कोरडं केलं, मग तळाला आणि चारही बाजूंना एकसंध काँक्रीट, आत वॉटरप्रूफिंगचे दोन हात, आणि पाणी भरून ठेवून पातळी बघायची. बाहेरचं पाणी आत येणार नाही हे बघायला आतलं पाणी बाहेर जात नाही ना ते बघतात.

ठेकेदार म्हणत होता की खड्ड्याच्या कोपऱ्यात छोटा पंप ठेवून देऊ. नाना नाही म्हणाले. ‘पंप लागतोय याचा अर्थ पाणी येतंय.’

२४ मे

परवानगी आली, पाठोपाठ माल आला. गाईड रेल, जॅक, मशीनचं कपाट, पुठ्ठ्यात गुंडाळलेली दारं. बसवणाऱ्या पोरांपैकी एक अंबडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशन करायचा. त्याचं आणि नानांचं जुळलं. ओळंबा सोडून रेल लावताना तो मुद्दाम नानांना खुर्चीवर जवळ बसवतो आणि प्रत्येक ब्रॅकेटला ‘बघा काका’ म्हणतो. पोरं सकाळी मिसळ खाऊनच येतात, त्यामुळे दहाच्या आत हातोडी वाजत नाही.

थ्री-फेज मीटरही लागलं. लिफ्टसाठी वेगळी अर्थिंग.

७ जून

पहिली चाचणी, आणि लिफ्ट हलेना. पॅनेलवर लाल दिवा. आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियनने मीटरच्या पेटीत वायर बदलताना दोन फेज उलटसुलट जोडले होते. तसं झालं की मोटर उलटी फिरते आणि हायड्रॉलिकचा पंप उलटा फिरला तर तेल ढकलत नाही, नुसता खराब होतो. म्हणून आत एक रिले असतो जो फेजचा क्रम चुकला की काहीच सुरू करू देत नाही. दोन वायरी अदलाबदल केल्या, चालली. पुढे कधी मीटरपाशी काम झालं आणि लिफ्ट रुसली तर आधी तो दिवा बघायचा.

१५ जून

हे काम मला वाटलं होतं त्याहून नाजूक निघालं, म्हणून सविस्तर.

दाराची वेळ. कारखान्यातून दार चार-पाच सेकंद उघडं राहील असं लावून येतं. नाना चौकटीत पोचतात, दार मिटायला लागतं, लाइट कर्टनचे, म्हणजे दारातल्या अदृश्य किरणांच्या पडद्याचे, किरण तुटतात, दार परत उघडतं. दार अंगाला लागत नाही, तरी ते हललेलं दिसलं की नानांचे पाय गोठतात. घाई झाली की पाऊल उचलत नाही, हा या आजाराचा स्वभावच आहे. वेळ वीस सेकंदांवर नेली. आईची तक्रार, की आता तिला दारासमोर उभं राहून वाट बघावी लागते. तिला दार मिटायचं बटण दाखवलं.

बटणं. स्पर्शाची चकचकीत बटणं आधीच नाकारली होती, थरथरत्या बोटाने ती दोनदा लागतात. दाबली की खट्कन आवाज करणारी, मोठी, वर उठलेली बटणं घेतली. फरशीपासून एक मीटरवर, खुर्चीवरूनही हात पोचतो.

पातळी. हायड्रॉलिक लिफ्ट तासन्‌तास थांबली, तेल थंड झालं, की केबिन किंचित खाली बसते. म्हणून स्वतःहून परत वर येऊन पातळीला लागण्याची सोय मागितली होती. आज सकाळी नानांनी सहा इंची स्टीलची पट्टी काढली, गुडघ्यांवर बसणं शक्य नाही म्हणून स्टुलावर बसून वाकले आणि केबिनच्या आणि मजल्याच्या अशा दोन्ही उंबऱ्यांवर आडवी ठेवून फट बघितली. हात हलत होता, म्हणून पट्टी त्या फॅब्रिकेशनवाल्या पोराने धरली, वाचली नानांनी. खाली दोन मिलिमीटर. वर सात. ‘वरचं चालणार नाही. माझ्या चपलेची टाच पाचला अडते.’ पोराने वरचा सेन्सर सरकवला. परत मोजलं. तीन. मग नाना उठले.

पट्ट्या. फिजिओथेरपिस्टनी सुचवलेलं: लिफ्टपर्यंतच्या वाटेवर जमिनीला आडव्या रंगीत पट्ट्या, नानांच्या पावलाएवढ्या अंतरावर. डोळ्यांसमोर ओलांडायला रेघ असली की पाय उचलतो. पण आम्ही त्या दारापाशी थांबवल्या नाहीत, त्याच अंतराने केबिनच्या आतही नेल्या. त्यामुळे लिफ्टचा उंबरा त्या रांगेतली आणखी एक रेघ झाला. दुपारी, गोळी उतरलेली असताना, नाना खोलीतून निघाले आणि न थांबता आत गेले.

मागच्या भिंतीला आरसा लावलाय, तो सजावटीचा नाही. पुढे व्हीलचेअर आली तर ती उलटी बाहेर काढताना मागचं दिसायला लागेल. घडीची बैठकही आहे, पण ती दुमडल्यावर जाडी किती उरते ते बघूनच घेतली.

२८ जून

तपासणी झाली. वीज बंद करून केबिन खाली उतरते का, दार उघडं असताना लिफ्ट हलत नाही ना, वजन टाकल्यावर जास्त भाराची सूचना मिळते का, आतली घंटा आणि आतून बाहेर बोलायचा फोन, अर्थिंग. सगळं बघितलं. लोखंडी केबिनमध्ये मोबाइलची रेंज जाते, म्हणून आतला फोन वायरचा आहे. तो स्वयंपाकघरात आणि शेजारच्या काकूंकडे वाजतो. काकूंची परवानगी आईने परस्पर घेतली होती.

१० जुलै

परवाना मिळाला, केबिनमध्ये फ्रेम करून लावला. नाना आता सकाळी पेपर आणायला एकटे खाली येतात आणि हाक मारत नाहीत. आई मात्र लिफ्टचा आवाज आला की स्वयंपाकघरातून डोकावते.

पहिलं वर्ष वॉरंटी. पुढचा वार्षिक करार सुट्या भागांसकटचाच घ्यायचा. नुसत्या भेटींचा करार स्वस्त वाटतो, पण सील, तेल आणि बॅटरी हेच खर्चाचे भाग आणि ते त्यात धरत नाहीत. बॅटरी दर महिन्याला तपासायची: मेन स्विच बंद करायचा, केबिन वर रिकामी ठेवून खाली येते का बघायचं. हाताचा व्हॉल्व्ह आई दोनदा उघडून शिकली. मशीनच्या कपाटावर पायऱ्या मराठीत, मोठ्या अक्षरात चिकटवल्या.

राहिलेली कामं. वरच्या थांब्यासमोर बाथरूमचं दार बाहेर उघडतं, ते लिफ्टमधून निघणाऱ्याच्या वाटेत येतं. सुतार येत्या आठवड्यात ते आतल्या बाजूला सरकतं करून देणार आहे. हॉलच्या टेकूंचे डाग फरशीवरून निघालेले नाहीत. ठेकेदाराची शेवटची रक्कम त्यासाठी रोखून ठेवली आहे. दादा, हिशेबाचा कागद वेगळा पाठवलाय, वीज मीटरच्या अनामत रकमेची पावती त्यात जोडायची आहे.